मेटल-सपोर्टेड सेलची व्होल्टता कमी येते आहे: सेल वाईट की माझी टेस्टिंग?

विदर्भी_वाफ (धागाकर्ती), रात्री ११:४२

राजेहो, इथे कोणी सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलवर (तापलेल्या सिरॅमिक थराच्या मदतीने हायड्रोजन आणि हवेपासून वीज बनवणारा सेल) काम करतं का? पोटेन्शिओस्टॅटला (सेलची व्होल्टता आणि करंट मोजणारं यंत्र) हात लावलेला कोणीही चालेल.

मी नागपुरात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष. माझा सेल धातूच्या आधाराचा आहे. एसएस ४३० स्टीलची चकती, मधला भाग सच्छिद्र आणि कड सघन. तिच्यावर हायड्रोजनच्या बाजूचा निकेल-वायएसझेडचा अ‍ॅनोड, वर १० मायक्रॉन वायएसझेड (यिट्रिया घातलेला झिर्कोनिया, हाच इलेक्ट्रोलाइट), जीडीसीचा (गॅडोलिनिया घातलेल्या सेरियाचा) पातळ थर आणि हवेच्या बाजूला १२ मिलिमीटर व्यासाचा एलएससीएफ या ऑक्साइडचा कॅथोड. स्टील आत असल्यामुळे कॅथोड हवेत ११०० ला भाजता येत नाही. म्हणून तो टेस्टच्या भट्टीतच ८५० ला भाजून घेते.

आता रडगाणं. ७०० अंशाला ओसीव्ही (करंट न घेता मिळणारी व्होल्टता) १.०१ व्होल्टच्या वर जात नाही. पुस्तकी आकडा १.१२. जास्तीत जास्त पॉवर मिळते २७० मिलिवॅट प्रति चौरस सेंमी. इम्पीडन्समध्ये (वेगवेगळ्या वारंवारतांना मोजलेला रोध) ओहमिक भाग, म्हणजे साधा रोध, ०.४० ओहम-चौसेंमी आणि आलेखातले दोन आर्क (कमानी, सेलमधल्या संथ क्रियांचा रोध) मिळून ०.५५. चार सेल झाले आणि चारही जवळपास असेच.

गाईड म्हणतात, "इलेक्ट्रोलाइटमध्ये पिनहोल आहेत, सिंटरिंग बदल." म्हणजे थराला बारीक भोकं आहेत, तो भाजण्याची पद्धत बदल; पुन्हा हायड्रोजन-आर्गॉनमध्ये १३०० च्या वरची भट्टी, पुन्हा दीड महिना. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) तर मला थर सघन दिसतो. सिंटरिंगला हात घालण्याआधी एकदा विचारावं म्हटलं.

रिगची (टेस्टच्या मांडणीची) माहिती: जुनी रिग, सिरॅमिक सेलसाठी बांधलेली. अ‍ॅल्युमिनाची नळी, तिच्या तोंडावर सेल काचेच्या पेस्टने चिकटवलेला. हायड्रोजन ५० मिलि प्रति मिनिट, बबलरमधून (पाण्यातून बुडबुडत, म्हणजे वाफ मिसळून). कॅथोडच्या बाजूला उघडी हवा. अर्धा मिलिमीटरची चांदीची तार, दोन्ही बाजूंना एकेक.

---

चारतारी, रात्री १२:५५

मी मूळचा सांगलीचा. जर्मनीत नऊ वर्षं टेस्ट बेंचवर काढली, त्यातली निम्मी धातूच्या सेलवर. तुमची पोस्ट वाचून माझं पहिलं वर्ष आठवलं. सिंटरिंगला हात लावू नका. निदान या आठवड्यात तरी नाही.

आधी दोन गोष्टी सांगा. बबलरमधल्या पाण्याचं तापमान किती होतं? खोलीचं नव्हे, पाण्याचं. आणि "दोन्ही बाजूंना एकेक तार" म्हणजे करंट आणि व्होल्टेज एकाच तारेतून?

---

विदर्भी_वाफ, सकाळी ९:१०

पाण्याचं तापमान मोजलंच नव्हतं, दादा. आत्ता थर्मोमीटर बुडवला तर ३६. मे महिना आहे, बबलर भट्टीशेजारी ठेवलाय आणि एसी फक्त पोटेन्शिओस्टॅटच्या खोलीला. थीसिसच्या मसुद्यात मात्र "३ टक्के आर्द्र हायड्रोजन" असं लिहून ठेवलंय, कारण सगळे तसंच लिहितात.

तार एकच. भट्टीच्या तोंडाशी तिला दोन फाटे काढून चार क्लिपा लावल्यात. म्हणून मी त्याला फोर-प्रोब (करंटच्या दोन आणि व्होल्टेजच्या दोन वेगळ्या तारा) म्हणत होते.

---

चारतारी, सकाळी ११:३०

त्याला फोर-प्रोब नाही म्हणत, चार क्लिपांचं टू-प्रोब म्हणतात. हसू नका, हे मी स्वतः केलेलं आहे. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पाण्यापासून सुरू करतो. ३ टक्के वाफ हा २५ अंशाच्या बबलरचा आकडा. ३६ ला पाण्याचा बाष्पदाब जवळपास दुप्पट होतो, म्हणजे हायड्रोजनमध्ये ५.९ टक्के वाफ. नर्न्स्टच्या सूत्रात (वायूंच्या प्रमाणावरून सेलची आदर्श व्होल्टता देणारं) घालून बघा: ७०० अंशाला, दुसऱ्या बाजूला हवा असताना, ३ टक्क्यांना १.१२ व्होल्ट येतात आणि ५.९ ला १.०९. म्हणजे तुम्हाला वाटत होती ती ११० मिलिव्होल्टची तूट नाहीच. त्यातले ३० मिलिव्होल्ट नागपूरच्या उन्हाळ्याचे. डिसेंबरात हाच सेल, हीच रिग तुम्हाला "सुधारलेली" दिसली असती आणि तुम्ही त्याचं श्रेय एखाद्या नव्या बाइंडरला दिलं असतं.

उरले ८० मिलिव्होल्ट. ते तापमानाच्या चुकीने येत नाहीत. ६०० वरून ७०० ला गेलं तरी नर्न्स्टची व्होल्टता १७-१८ मिलिव्होल्टच बदलते, त्यामुळे थर्मोकपल वीस अंश चुकलं तरी फरक चिमूटभर. राहिल्या दोन शक्यता: वायूची गळती किंवा अंतर्गत शॉर्ट (इलेक्ट्रॉन सेलच्या आतूनच पलीकडे जाणं). गाईडच्या म्हणण्यातली पिनहोल ही गळतीचीच एक जात.

आता उलटा हिशेब करा. १.०१ व्होल्ट म्हणजे अ‍ॅनोडपाशी वाफ किती? सुमारे २९ टक्के. बबलरने दिली सहा, बाकीची २३ टक्के हायड्रोजन जळून तिथेच तयार झाली. ५० मिलिच्या २३ टक्के म्हणजे मिनिटाला साडेअकरा मिलि. एका अँपिअरला मिनिटाला सुमारे ७ मिलि हायड्रोजन लागतो, म्हणजे ही गळती दीड अँपिअरहून जास्त खाते आहे. तुमचा सेल सगळा जोर लावून देतो ०.६ अँपिअर! वाफ सगळीकडे सारखी मिसळली आहे असं धरून केलेला हिशेब आहे, खरी गळती एका कोपऱ्यात असते, त्यामुळे आकडा अक्षरशः घेऊ नका. पण एसईएममध्ये सघन दिसणाऱ्या थरातल्या पिनहोलांतून एवढं जाईल हे मला पटत नाही. माझा संशय कडेवर आहे.

संशयाने भागत नाही, म्हणून दोन चाचण्या. पहिली फुकटातली: हायड्रोजन ५० वरून १०० करा. गळती असेल तर ती दुप्पट वायूत विरते आणि ओसीव्ही १.०३५ च्या आसपास चढते. शॉर्ट असेल तर जवळपास ढिम्म राहते. एक अडचण आहे. प्रवाह वाढला की आतला दाबही वाढतो आणि गळतीच बदलते. म्हणून दुसरी चाचणी, जी मला जास्त आवडते: बबलर ८१ अंशाला न्या, म्हणजे निम्मी वाफ, निम्मा हायड्रोजन. तिथे सूत्राची व्होल्टता ०.९७. गंमत अशी की निम्मी वाफ आधीच असताना गळतीने आणखी थोडी मिसळली तरी व्होल्टता फारशी हलत नाही. ८० ची तूट तीसेकवर येते. शॉर्टला मात्र वाफेशी तेवढं देणंघेणं नसतं, तूट बरीचशी तशीच राहते. बबलरपासून भट्टीपर्यंतच्या नळीला हीटिंग टेप गुंडाळायला विसरू नका. नाहीतर वाफ वाटेतच पाणी होते, ते थेंबाथेंबाने भट्टीत जातं आणि व्होल्टता ताप भरल्यासारखी वरखाली होते.

आता तुमचा ओहमिक ०.४०. मला तुमच्या ओसीव्हीपेक्षा हाच आकडा जास्त खुपतोय. वायएसझेडची वाहकता ७०० ला साधारण ०.०२ सीमेन्स प्रति सेंमी. १० मायक्रॉनचा रोध झाला ०.०५ ओहम-चौसेंमी. तुम्ही मोजताय त्याच्या आठपट. उरलेलं ०.३५ कोणाचं? तुमच्याकडे वेगवेगळ्या तापमानांचे इम्पीडन्स असतील तर फक्त ओहमिक आकडे इथे टाका. वायएसझेडचा रोध थंडीत वेगाने वाढतो, चांदीच्या तारेचा उलट कमी होतो. कोण किती बोलतंय ते आकड्यांवरूनच कळेल.

---

उसाचा_मळा, दुपारी १:०५

वरचं निम्मं डोक्यावरून गेलं, पण वाचायला मजा येते आहे. शेतकऱ्याचा प्रश्न: यावर गाडी चालते का? आणि आमच्या कारखान्याचं इथेनॉल त्यात घालता येईल का?

---

चारतारी, दुपारी १:४०

चालते. निसानने २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये ५ किलोवॅटच्या सॉलिड ऑक्साइड सेलची व्हॅन दाखवली होती, इथेनॉलवर चालणारी, एका टाकीत ६०० किलोमीटरहून जास्त जाते असं सांगून. इथेनॉलपासून आधी हायड्रोजनयुक्त वायू बनवायचा आणि तो सेलला द्यायचा. धातूच्या आधाराचं आकर्षणही गाडीमुळेच जास्त आहे: धक्के सोसतो, पटकन तापवता येतो, एकदम थंड झाला तरी तडकत नाही. सिरॅमिकची बशी हातातून पडली तर काय होतं आणि स्टीलचं ताट पडलं तर काय होतं, एवढाच फरक. ऊस नंतर बोलू, आधी ताईंच्या तारेचं बघू द्या.

---

विदर्भी_वाफ, दुपारी ३:२०

मला ताई नका म्हणू, सत्तावीस वर्षांची आहे.

ओहमिक आकडे, ओहम-चौसेंमीमध्ये: ७५० ला ०.३८, ७०० ला ०.४०, ६५० ला ०.४५, ६०० ला ०.५३. क्षेत्रफळ कॅथोडचं धरलंय, १.१३ चौसेंमी.

---

चारतारी, दुपारी ४:१५

कॅथोडचं धरलंस हे फार बरं केलंस. (सत्तावीस म्हणजे आता "तू".) लहान इलेक्ट्रोडऐवजी भलतंच क्षेत्रफळ धरून छापलेले वक्र मी पाहिले आहेत.

आकडे सगळं बोलतात. वायएसझेड एकटी असती तर ७५० ते ६०० दरम्यान रोध सहापट व्हायला हवा होता. तुझा दीडपटही नाही. म्हणजे प्रत्येक तापमानाला ०.३५ च्या आसपास असं काहीतरी मिसळलंय जे तापमानाला भीक घालत नाही. ते वजा करून बघ: उरतं ०.०३, ०.०५, ०.१० आणि ०.१८. ही हुबेहूब तुझी १० मायक्रॉन वायएसझेड. तुझा इलेक्ट्रोलाइट ठणठणीत आहे, गाईडना हा तक्ता दाखव.

०.३५ पैकी तार किती? अर्धा मिलिमीटर चांदी, दोन्हीकडच्या मिळून ६० सेंटिमीटर धरू. ७०० अंशाला चांदीचा रोध खोलीतल्यापेक्षा साडेतीनपट होतो. हिशेब येतो ०.१५ ते ०.१७ ओहम. तुझ्या क्षेत्रफळाने गुणलं की ०.१८. म्हणजे निम्मं ओझं तारेचं. बाकीचं निम्मं संपर्काचं: ८५० ला भाजलेला कॅथोड तसा हलक्या हातानेच चिकटलेला असतो, त्यावर चांदीची जाळी नुसती टेकवलेली. शिवाय स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडची साय धरते, तिचाही थोडा वाटा.

उपाय: स्टीलच्या चकतीला दोन वेगळ्या तारा स्पॉट-वेल्ड कर, एक करंटची, एक व्होल्टेजची. कॅथोडच्या जाळीलाही तशाच दोन. मगच चार तारा. करंटच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पीळ घालून बाहेर आण, व्होल्टेजच्या वेगळ्या पिळात. नाहीतर १०० किलोहर्ट्झपाशी तारांचं इंडक्टन्स आर्कची सुरुवातच गिळून टाकतं. एक मायक्रोहेन्री म्हणजे तिथे ०.६ ओहम, जवळपास तुझ्या अख्ख्या सेलएवढं.

---

काचकाम, संध्याकाळी ७:०२

मी पीएचडी नाही. पुण्यात एका प्रयोगशाळेत ग्लास ब्लोइंग आणि सीलिंगचं काम केलं, आता रिटायर. एकच विचारतो. सेल काढल्यावर काचेच्या कडेला, हवेच्या बाजूने, पिवळट रेघ दिसते का?

---

विदर्भी_वाफ, संध्याकाळी ७:३०

काका, तुम्हाला कसं कळलं? दिसते. हळदीसारखी. मला वाटलं काचेचाच रंग.

---

काचकाम, रात्री ८:१५

मग तुमच्या काचेत बेरियम आहे. क्रोमियमवाल्या स्टीलला हवेत बेरियमची काच भेटली की बेरियम क्रोमेट होतं, ते पिवळं. त्याचं प्रसरण वेगळं, मग काच स्टीलपासून सुटते. ही एक गोष्ट झाली. दुसरी जास्त मोठी आहे. तुम्ही स्टील अ‍ॅल्युमिनाच्या नळीवर चिकटवताय. स्टील दर अंशाला दशलक्षात ११-१२ भाग वाढतं, अ‍ॅल्युमिना ८. सिरॅमिक सेलला ती नळी कशीबशी चालून जायची, स्टीलला नाही चालणार. ८५० पर्यंत काच मऊ असते म्हणून सगळं जुळतं. खाली ७०० ला आणलं की काच कडक होते आणि दोघांच्या ओढाताणीत केसासारखी चीर जाते. डोळ्याला दिसत नाही. बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे मोजा, तापवण्याआधी आणि नंतर. कमी झाले तर वायू दुसरीकडून जातोय.

---

चारतारी, रात्री ९:४०

काका, साष्टांग. रिग सिरॅमिक सेलची आहे हे तिने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं आणि मी सरळ त्यावरून पुढे गेलो.

धातूच्या सेलची सगळ्यात मोठी देणगी काय, तर तो वेल्ड करता येतो. आणि आपण त्याला काचेने चिकटवत बसलोय, कारण रिग आधीच्या विद्यार्थ्याची! कड सघन आहे ना? मग त्याच जातीच्या फेरिटिक स्टीलची नळी घे आणि सेल तिच्यावर कडेने लेझर-वेल्ड करून घे. अ‍ॅनोडच्या बाजूची गळती संपली. स्टीलची नळी हीच अ‍ॅनोडची करंटची तारही होते. ३०४ ची नळी मात्र चुकूनही घेऊ नकोस. ते ऑस्टेनिटिक, त्याचं प्रसरण १८ च्या घरात, पुन्हा तीच ओढाताण.

जाता जाता, आमच्याकडे घडलेलं. रात्री वीज गेली, भट्टी थंड होऊ लागली आणि कोणीतरी "सुरक्षित राहावं" म्हणून वायूचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. आतला वायू आकसला आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक ज्यात बुडवलेलं होतं ते पाणी ओढून घेतलं. सहाशे अंशाच्या नळीत पाणी! सकाळी अ‍ॅल्युमिनाचे तुकडे चिमट्याने वेचले. पाणी आणि भट्टीच्या मध्ये एक रिकामी बाटली जोड, उलटं आलेलं पाणी तिच्यात थांबेल. आणि वीज जाताच नायट्रोजन आपोआप सुरू होईल असा नॉर्मली-ओपन सोलेनॉइड (वीज गेली की उघडणारा व्हॉल्व्ह) लाव. उन्हाळ्यात तुमच्याकडे वीज किती वेळा जाते ते मी विचारत नाही.

---

थंड_इंग्लंड, रात्री ११:१८

मी इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात आहे, मूळची डोंबिवलीची. एक भर. १.१२ किंवा १.०९ हा मापदंड वायएसझेड आहे म्हणून चालतो. इथल्या हॉर्शमच्या सेरेस पॉवरसारखे (इम्पीरियल कॉलेजमधून २००१ ला निघालेली कंपनी) लोक सेरिया-गॅडोलिनियाच्या इलेक्ट्रोलाइटवर ५००-६०० अंशाला चालवतात. सेरिया हायड्रोजनच्या बाजूला थोडे इलेक्ट्रॉनही जाऊ देते, म्हणून तिथे ओसीव्ही मुळातच कमी असते आणि ती गळती नसते. पुढे कधी जीडीसीकडे वळलीस तर हा अख्खा धागा जसाच्या तसा लावू नकोस.

आणि तुझे दोन आर्क. खालच्या वारंवारतेचा, काही हर्ट्झचा, तापमानाने बदलतो का? बदलत नसेल तर तो बहुधा कॅथोडचा नाही, स्टीलच्या छिद्रांतून हायड्रोजन आत-बाहेर होण्याचा. हायड्रोजनमध्ये निम्मा नायट्रोजन मिसळून बघ, तोच आर्क फुगेल. वरचा आर्क फुगला नाही, पण कॅथोडला शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर आकसला, तर तो कॅथोडचा.

---

विदर्भी_वाफ, अठरा दिवसांनी, रात्री १०:०५

धागा वर काढते आहे. सगळ्यांना आधी निकाल.

जुन्याच रिगवर प्रवाह दुप्पट केला: १.०१ वरून १.०३. निम्म्या वाफेवर: ०.९७ च्या जागी ०.९४. म्हणजे गळतीच. बुडबुडेही मोजले काका, ७०० ला आणल्यावर निम्म्याहून थोडेच जास्त उरले होते. मोजताना पोटात गोळा आला, कारण दोन वर्षांचे सगळे वक्र याच नळीवर घेतलेत.

मग हिंगणा एमआयडीसीत लेझर-वेल्डिंगवाला शोधला. तो रोज कसल्या कसल्या सेन्सरच्या डब्या जोडतो. माझी चकती बघून म्हणाला, "मॅडम, एवढंसं? हे तर जेवणाच्या सुट्टीत होते." पहिल्या चकतीत उष्णता मध्यापर्यंत गेली आणि इलेक्ट्रोलाइट कडेला सोलला. दुसऱ्या वेळी खाली तांब्याचा ठोकळा ठेवून केलं, जमलं. फेरिटिक नळी मिळायला मात्र नऊ दिवस गेले. शेवटी ४३० चा पत्रा वळवून शिवण मारून घेतली.

त्याच बॅचचा सेल, चार खऱ्या तारा, बबलर आता पाण्याच्या टबात, २५ अंशावर धरलेला. ७०० ला ओसीव्ही १.११. ओहमिक ०.४० वरून ०.२२. आर्क मात्र जवळपास तेच, ०.५३. पॉवर ४१० मिलिवॅट.

गाईडना तक्ता दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आधीच्या पेपरमधले आकडे याच नळीवरचे का?" मी हो म्हटलं. पुढे काही बोलले नाहीत, पण सिंटरिंगचा विषयही निघाला नाही.

थंड_इंग्लंड ताई, खालचा आर्क खरंच तापमानाने हलत नाही. ६५० ते ७५० तेवढाच, ०.१५ च्या आसपास. नायट्रोजन मिसळला की फुगतो. वरचा तापमानाने झपाट्याने बदलतो. म्हणजे ०.३८ कॅथोडचे दिसतात, पण शुद्ध ऑक्सिजनचं सिलिंडर अजून आलेलं नाही.

आता ०.२५ अँपिअर प्रति चौसेंमीवर २०० तास चालवायला ठेवलाय. आज ४१ वा तास. ओहमिक भाग ०.२२ वरून ०.२४ झालाय. चारतारी दादा, ही क्रोमियमची साय की जाळी सुटते आहे? सेल न उघडता कसं ओळखू?

---

चारतारी, रात्री ११:२०

शाब्बास. साय असेल तर ती सुरुवातीला भराभर वाढते आणि मग मंदावते, वर्गमुळाच्या नियमाने. ओहमिक आकडा वेळेच्या वर्गमुळाविरुद्ध मांड. रेघ सरळ आली तर सायीवर संशय घ्यायला जागा आहे. पायऱ्या-पायऱ्यांनी उडी मारत असेल तर जाळी. त्यासाठी दर दोन तासांनी रीडिंग हवं. आतापर्यंत किती वेळा घेतलंस?

---

विदर्भी_वाफ, रात्री ११:२६

दोनदा. सुरुवातीला आणि आज. लॅबला चालले, चावी वॉचमनकडे आहे.